साहेबांच्या नावाचा हौद

नागपुराहून निघताना मी बायकोला सांगितलं, "आठवडाभरात येतो, आणि येताना एक शाळा वाचवून येतो." ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शाळा राहू द्या, संत्री आणा." संत्री आणली. एकेक संत्रं असं की दोन हातांत मावेना, तिसरा हात शेजाऱ्याकडून उसना आणावा. पण जाऊन आलेल्या माणसाला लोक संत्र्यांबद्दल विचारत नाहीत, काय पाहिलं ते विचारतात. आणि मी जे पाहिलं ते पानाच्या ठेल्यावर उभ्या उभ्या सांगता येत नाही. दोनदा सांगून पाहिलं, दोन्हीदा लोक हसले. मी बोलायला लागलो की लोकांना हसायची सवय आहे. म्हणून लिहायला बसलो.

राज्यांची वाटणी होऊन नागपूर राजधानीचं गाव राहिलं नाही, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. भाऊ वाटणी करतात तेव्हा भांडी इकडची तिकडं जातात. इथं भांडी जागच्या जागी राहिली आणि खालची जमीनच दुसऱ्याच्या नावावर चढली. आम्ही नागपूरचे लोक झोपेतून उठलो ते मुंबईचे होऊन, आणि सौंसर-पांढुर्ण्याचे आमचे सोयरे उठले ते भोपाळचे होऊन. तेच लुगडं, तीच भाकर, तीच शिवी, पण अर्ज कुठं करायचा ते कोणालाच ठाऊक नाही.

माझा आतेभाऊ दिगांबर सौंसर तहसिलीत रामाकोन्याच्या पुढच्या एका खेड्यात मराठी शाळेचा हेडमास्तर. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक हे वाचतील, आणि मला त्या गावात अजून जेवायचं आहे. दिगांबरभाऊनं ती शाळा गावाकडून दगड-माती वाहून घेऊन उभी केली, आणि आजूबाजूच्या पाड्या-टोल्यांवरच्या पोरांसाठी शेजारी वसतिगृह बांधलं. पण पावसाळ्यात वसतिगृहाची विहीर खचली. पोरं बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं पाणी प्यायला लागली. ते पाणी कोणी अधिकाऱ्यानं पाहिलं आणि निरोप आला : पाहणीला साहेब येतील, तेव्हा वसतिगृहात पिण्याजोगं पाणी दिसलं तर ठीक, नाहीतर वसतिगृह बंद. पोरं शहरातल्या शाळेत पाठवू. तिथं शिकवणं हिंदीत. आणि वसतिगृह गेलं की शाळेत उरणार गावातली मूठभर पोरं, म्हणजे शाळाही गेली.

आता यात मी कुठं आलो? माझं इतवारीत काष्ठौषधींचं दुकान आहे. मुळ्या, साली, बिया. त्यात एक बी असते निवळीची, शर्टाच्या बटणासारखी गोल आणि चपटी. मातीच्या माठाला आतून पाणी लावून ती घासायची, वर गढूळ पाणी ओतायचं, आणि आपलं काम करत बसायचं. घटकाभरानं गाळ तळाशी आणि पाणी वर मोकळं. माझ्या आजोबांनी एकदा एक बी नागनदीत टाकली तर तळाशी कोणाचा तरी हरवलेला जोडा दिसला, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. गिऱ्हाईक जोडा कोणाचा ते विचारतं, बीवर शंका घेत नाही. दिगांबरभाऊचा निरोप आला तेव्हा माझ्याकडं निवळी संपलेली होती. तरी मी उलटा निरोप धाडला : पोतंभर घेऊन येतो.

पांढुर्णा

पोतं पांढुर्ण्याला मिळेल असं मी धरून चाललो होतो, कारण तिथं दिगांबरभाऊचे मेहुणे, म्हणजे आमच्या सिंधूवहिनींचे भाऊ गुलाबराव, जंगलच्या मालाचे व्यापारी. स्टेशनाबाहेर संत्र्यांची खोकी रचलेली, मागं कापसाच्या गाड्या, आणि त्या दोघांच्या मधून वाट काढत गुलाबराव मला न्यायला आलेले. त्यांच्या कपाळावर भुवईच्या वर एक खोल खूण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून गोटे मारतात ना, त्यातला एक गोटा. त्या खुणेवरून ते रोज हात फिरवतात, जशी दुसरी माणसं मिशीवरून फिरवतात.

घरी नेलं, पाटावर बसवलं आणि पाटवडीचा रस्सा वाढला. तिखट आम्ही नागपूरकरही खातो, पण आमचं तिखट जिभेला लागतं. गुलाबरावांच्या घरचं तिखट आधी कानाला लागतं, मग डोळ्यांना, आणि जिभेपर्यंत पोचतं तेव्हा जीभ घर सोडून गेलेली असते. डोळे पुसत मी पोत्याची गोष्ट काढली.

"पोतं?" गुलाबराव म्हणाले. "बाळाभाऊ, पोतं मागून राहिले तुमी? अवो, मूठभर दाखवा कोणी मले या बजारात, मी त्याच्या पाया पडतो."

"काहून? झालं काय?"

"झाडंच नाई राह्यली ना. ठेकेदारानं सागवान तोडलं, त्याच्या संगं निवळीही तोडली. गाडीच्या आखाले लाकूड लई चांगलं म्हणे. आता आख घासा माठाले."

ते हसले, मीही हसलो. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोनं विचारलं, "मंग सिंधूबाईच्या शाळेचं काय व्हावं?"

त्याच उठल्या, स्वयंपाकघरातल्या फळीवरून एक चिंधी आणली आणि गाठ सोडली. आत पाच बिया. दोन झिजून पातळ झालेल्या, तीन धड. तीन त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. "नणंदेच्या माठाले द्या. माहेरच्या हायेत म्हणा." पोत्याच्या जागी तीन बिया. मी नागपुराहून केवढ्या तोंडानं निघालो होतो ते आठवून तोंड जरा मिटलं.

गुलाबराव रिकाम्या हातानं पाठवणारे नव्हते. शेवग्याच्या बियांनीही पाणी निवळतं. शेवग्याला त्या भागात मुनगा म्हणतात, आणि त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मुनग्याची रांगच होती. उन्हाळ्यात झाडावरच वाळलेल्या शेंगांचं बी त्यांनी पोत्यात भरून ठेवलेलं. "हे न्या," म्हणाले. "थ्ये राजा, हा शिपाई. पण शिपाई लई हायेत."

मुनग्याच्या बीला कागदासारखे पातळ पंख असतात. हे मला माहीत होतं. पण सर्व्हिस मोटरच्या टपावर बांधलेलं पोतं खिळ्याला अडकून फाटल्यावर काय होतं, ते माहीत नव्हतं. मागच्या बाकावरची एक बाई ओरडली, "अवो, पाखरं!" पाहतो तो माझे शिपाई पंख उघडून शेतांमध्ये उतरून राहिलेले. मोटर थांबवली तोवर अर्धी पलटण गेली होती. पांढुर्णा ते सौंसर रस्त्यावर पुढं कधी मुनग्याची झाडं दिसली तर ती माझी समजा, शेंगा खुशाल तोडा.

सौंसर

दिगांबरभाऊ मला तहसिलीच्या आवारात भेटला. अंगात शाळेत घालतो तोच गळाबंद कोट, हातात स्वतःचा लोटा. उंच माणूस, पण या खेपेला मला तो मुडपून ठेवल्यासारखा दिसला. साहेब केव्हा येणार ते विचारायला तो रोज सौंसरला येत होता. मलाही आत घेऊन गेला. आतला बाबू आम्हाला पाहून लिहायचा थांबला.

"मास्तर, साहेब तं मुंबईकडं गेले."

"मुंबईला? कामानं?"

"कायचं काम? कायमचे. त्याईनं तिकडंच नाव देलं. आता नवे येऊन राहिले भोपाळकडून."

"कधी?"

"ते भोपाळात पोचले का नाई, थेच मालूम नाई. आले का कोतवालाच्या हाती निरोप धाडतो. तुमी पाणी तयार ठेवा म्हणजे झालं."

बाहेर एक रंगारी कचेरीची पाटी उतरवून घासत होता. नवं काय लिहायचं ते त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून तो नुसताच घासत होता.

"भाऊ," मी दिगांबरभाऊला म्हटलं, "तुमीही नाव द्या ना मुंबईकडं. नागपुरात मराठी शाळा काय कमी आहेत?"

"माझं नाव देता येते," तो म्हणाला. "पोरं कोणाच्या नावानं देऊ?"

सौंसरच्या बाजारात त्यानं मला भजी खाऊ घातली. स्वतः खाल्ली नाहीत, माझ्या पुढ्यातल्या द्रोणाकडं पाहत बसला.

रामाकोन्याच्या पुढं

सौंसरहून रामाकोन्याला छोटी गाडी जाते. वाटेत रुळांवर बकरी उभी होती तर ड्रायव्हरनं तिला नावानं हाक मारली, आणि ती बाजूला झाली. शपथ घ्यायला सांगू नका. तिथून पुढं रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी. दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे, फळांनी वाकलेले, आणि बगीच्यांच्या मधून काळी कापसाची जमीन. या देखण्या काळ्या मातीतच सगळी खोड आहे. ती पाण्यात गेली की बसतच नाही. बोडीचं पाणी मी पाहिलं. त्यात म्हैस उतरली तर मालकाला ती वासावरून शोधावी लागेल. ते कापडातून गाळलं तर पाणी कापडातच अडकेल आणि चिखल खाली पडेल.

सिंधूवहिनींनी मला पाहून पदर सावरला. "भाऊजी, पोतं कोठी हाये?"

"अर्धं उडून गेलं, वहिनी."

"उडून?"

"पंख होते."

त्यांनी दिगांबरभाऊकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, की हे मात्र खरं आहे. मी तीन बिया काढून दिल्या. माहेरच्या म्हटल्यावर त्यांनी त्या डोळ्यांना लावल्या आणि लगेच घरातला माठ पालथा घालून एक घासायला बसल्या. सगळ्या वसतिगृहाला पुरण्यासारख्या त्या नव्हत्याच.

वसतिगृहाचं पाणी मुनग्यावर चालायचं, आणि मी येण्याआधीपासून, अधिकाऱ्याचा निरोप आल्यापासून, चालत होतं. पहाटे बिया सोलायच्या, आतला पांढरा गर कुटायचा, पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचा आणि ते दुधासारखं पाणी माठामाठातल्या गढूळ पाण्यात ओतून काठीनं आधी जोरात, मग सावकाश ढवळायचं. मग हात लावायचा नाही. शाळेची घंटा होईपर्यंत गाळाचे पुंजके तळाशी बसतात. वरचं पाणी दुसऱ्या माठात घ्यायचं, पोरांनी दिवसभर प्यायचं, आणि संध्याकाळी उरलेलं ओतून माठ पालथे घालायचे. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बीचा अंश पाण्यात राहतो, मुनग्याचं पाणी शिळं झालं की नासतं. गावातली आंधळी म्हातारीही हे सांगेल.

मग सगळं ठाऊक असलेल्या त्या गावानं पुढं जे केलं ते कसं केलं? ते मी आता सांगतो.

हौद

वसतिगृहासमोर दगड-चुन्याचा एक हौद होता, विहिरीचं पाणी साठवायला बांधलेला, विहीर खचल्यापासून कोरडा. कोतवाल निरोप घेऊन आला की नवे साहेब उद्या येतात, तेव्हा गावचे शेषराव पाटील चावडीवर म्हणाले, "मास्तर, साहेबाले काय माठ दाखवता? माठ तं कुंभाराच्या घरीही असते. हौद दाखवू हौद."

आणि गाव लागलं कामाला. बाया बिया सोलून राहिल्या, पुरुष कुटून राहिले, पोरांनी बोडीपासून हौदापर्यंत रांग लावून बादल्या ओतल्या. मी रेंगीच्या दांड्यानं हौद ढवळला. इतका ढवळला की संध्याकाळी मला वाटत होतं, मी जागेवर उभा आहे आणि गाव फिरतं आहे. गाळ बसायला हौदाची दोन पोटं होती. पहिल्यात बसवायचं, वरचं दुसऱ्यात सोडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणाच्या फळ्या उचलल्या आणि सगळे वाकून पाहायला लागले. तळाच्या दगडांमधल्या चुन्याच्या रेषा दिसत होत्या. शेषराव पाटलांनी स्वतःची मिशी त्यात पाहिली आणि म्हणाले, "मायबाप, मी इतका बुढा झालो!" हसण्याचा असा आवाज झाला की बगीच्यातले पोपट उडाले. दिगांबरभाऊ हसला नाही. तो हौदाच्या काठावर हात ठेवून नुसता उभा होता, आणि मुडपलेला माणूस पुन्हा उलगडलेला मला दिसला. फळ्या बसवल्या, वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, पाटलीणबाईंनी हळद-कुंकू वाहिलं.

साहेब आले नाहीत. संध्याकाळी कोतवाल आला. "उद्या."

मी म्हटलं, "ओता मग हे. पहाटे पुन्हा करू. मी ढवळतो."

सगळं गाव माझ्याकडं असं पाहायला लागलं, जणू मी देवाच्या पालखीवर पाय ठेवला आहे. शेषराव पाटील समजावणीच्या आवाजात बोलले. "बाळाभाऊ, तुमी नागपूरचे. तुमच्याकडं नसंल. पाव्हण्याच्या नावानं पाणी भरलं, त्याले कुंकू लावलं, का मंग थ्ये पाव्हण्याचं. त्यानं पेल्याबिगर ओतलं तं त्याचा अर्थ काय होते? का बाबा, तू येऊच नको."

"पण ते नासेल!"

"हाव. नासंल. आमाले मालूम नाई काय?"

आमच्याकडं पाहुणा दारात आल्यावर घागर घेऊन निघतात. या गावात तो अपमान. पाहुण्याचं पाणी तो यायच्या आधी भरलेलं हवं आणि त्यानं प्यायच्या आधी सांडायचं नाही. कोणाच्या तरी लग्नात वऱ्हाड यायच्या आधी असं पाणी ओतलं, आणि वऱ्हाड वाटेतूनच परतलं, हे प्रत्येकानं मला सांगितलं, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात लग्न वेगळ्या घरचं होतं. मुनग्याचं पाणी ठेवू नये हा एक नियम, आणि पाहुण्याचं ओतू नये हा दुसरा. या दोघांची गाठ आजवर पडली नव्हती, कारण पाहुणा निरोप दिलेल्या दिवशी यायचा. भोपाळचा पाहुणा पहिलाच.

मी दिगांबरभाऊला बाजूला घेतलं. "भाऊ, तुमी शिकलेले माणूस. तुमी तरी सांगा."

"सांगितलं," तो म्हणाला. "पाटील म्हणतात, मास्तर, शाळा तुमची हाये, पण पाव्हणा गावाचा हाये. मी जबरदस्तीनं ओतलं आणि साहेब आलेच नाहीत, तर जन्मभर हे गाव म्हणेल की मास्तरानं पाणी ओतलं म्हणून शाळा गेली."

दुसऱ्या दिवशी कोतवाल पुन्हा "उद्या" घेऊन आला. त्यानंतर "परवा." पाण्यावर आधी एक पातळ साय आली. मग वास आला, तळघरातल्या ओल्या पोत्याचा. मग तो वास मोठा झाला. सांगतो ते खोटं वाटेल, पण शेवटी शेवटी कुत्री हौदाला वळसा घालून जात होती. बाया तोंडाला पदर लावून तोरण बदलत होत्या. पोरं रोज पहाटे माठांत ताजं पाणी करत, पीत, संध्याकाळी माठ पालथे घालत. हौदाजवळून जाताना दिगांबरभाऊ मान वळवत नव्हता. जेवताना वहिनी त्याच्या ताटात वांग्याचं भरीत वाढत, तो भाकर कुस्करून बसे. मी त्याला हसवायला माझ्या आजोबांचा जोडा काढला. तो म्हणाला, "बाळा, एक दिवस गप बैस." त्यानं लहानपणापासून मला असं कधी म्हटलं नव्हतं.

साहेब

साहेब आले तेव्हा दिवस कलला होता. मी मनात मोठ्या मिशांचा कोणी राक्षस रंगवून ठेवलेला. रेंगीतून उतरला तो एक पोरगेलासा माणूस, सागर जिल्ह्याकडचा, धुळीनं पांढरा झालेला, बोलायला मऊ. बिचारा चार तहसिलींची कामं एकट्याच्या अंगावर घेऊन फिरत होता आणि शेवटच्या गाडीनं त्याला परतायचं होतं.

शेषराव पाटील हात जोडून त्याला सरळ हौदाकडं घेऊन गेले. दोन माणसांनी फळ्या उचलल्या.

साहेबांनी रुमाल नाकाला लावला. "बच्चे यही पीते हैं?"

"नाई साहेब, नाई!" दहा जण एकदम बोलले. "हे तुमच्यासाठी!"

साहेबांनी पाटलांकडं पाहिलं, मग दिगांबरभाऊकडं. दिगांबरभाऊनं त्याच्या शाळामास्तरी हिंदीत सगळं सांगितलं : बिया, पाहुणा, निरोप, उद्या, परवा. माणूस ऐकणारा होता. म्हणाला, "ठीक है, तो बच्चों का पानी दिखाइए."

पोरांचे माठ ओळीनं पालथे घातलेले होते. संध्याकाळ झाली होती ना. नियमानं ओतलेले, घासलेले, कोरडे ठणठणीत.

"मैं अभी बनाके दिखाता हूँ," दिगांबरभाऊ म्हणाला. त्याचा आवाज वर्गातल्यासारखा स्थिर होता. त्यानं बिया सोलल्या. मी कुटलं. काचेच्या मोठ्या पेल्यात बोडीचं पाणी घेतलं, मुनग्याचं दूध घातलं, त्यानं ढवळलं आणि पेला ओट्यावर ठेवला. साहेब शेजारी बाजेवर बसले. गाव भोवती उभं राहिलं. पेल्यातलं पाणी आधी दह्यासारखं फुटलं. मग पुंजके झाले. मग ते इतके सावकाश खाली यायला लागले की वाटलं, आत हात घालून ओढावेत.

साहेबांचा शिपाई म्हणाला, "हुजूर, गाड़ी का टाइम."

"रुको," साहेब म्हणाले. खरंच म्हणाले. तो थांबणार होता, हे मी शपथेवर सांगतो, आणि ही शपथ खरी. बसल्या बसल्या त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. धुळीतून आलेला माणूस, तहान लागलेली.

ते वहिनींनी पाहिलं. दारात आलेला माणूस तहानलेला आहे हे पाहिल्यावर कोणती बाई थांबेल? घरात गेल्या, माहेरच्या निवळीनं निवळलेल्या माठातला लोटा भरून आणला, वर संत्र्याच्या फोडी. साहेबांनी लोटा एका दमात संपवला. "बहुत मीठा है. एकदम साफ. कहाँ का है?"

"घरचं हाये," वहिनी हसून म्हणाल्या.

"किसके घर का?"

"आमच्या. मास्तरांच्या."

साहेबांनी लोटा खाली ठेवला. त्यांनी पालथ्या माठांकडं पाहिलं, हौदाकडं पाहिलं, मग त्या लोट्याकडं. चेहरा रागाचा नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, मी भांडणात तरबेज आहे. तो चेहरा दुःखी होता. "मास्टर साहब," ते म्हणाले, "अपने घर के लिए आपको साफ पानी मिल जाता है."

दिगांबरभाऊनं तोंड उघडलं. तीन बिया, माहेर, पांढुर्णा, ठेकेदार, गाडीचे आख. कुठून सुरू करणार? मी सुरू केलं, जोरजोरात, निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक अक्षरही न वाढवता. माझं तोंडच असं आहे की साहेबांना ते सगळं रचलेलं वाटलं. ते उठले, सगळ्यांना नमस्कार केला, वहिनींना पाण्यासाठी धन्यवाद दिले आणि दिगांबरभाऊला हळूच सांगितलं की पोरांची नावं सौंसरला धाडून द्या, सोमवारपासून तिकडे सोय होईल.

रेंगी वळणाआड गेली. काही वेळानं ओट्यावरचा पेला निवळला. तळाशी बोटभर काळा गाळ, वर पाणी असं की पेला रिकामा वाटावा. त्याच्याकडं कोणी पाहिलं नाही.

सोमवारच्या आधी पोरं गेली. कोणी सौंसरला, बरीचशी आपापल्या टोल्यावर, आईबापांच्या मागं संत्री तोडायला. वहिनींनी त्या लोट्याला पुन्हा हात लावला नाही. दोन दिवस त्या एकच वाक्य बोलत होत्या, "मी काहून देलं पाणी, मी काहून देलं," आणि दिगांबरभाऊ दर वेळी म्हणायचा, "तहान लागली होती त्याले, देणार नाई तं काय करणार." त्यानं बदलीचा अर्ज केला नाही. शाळा नसलेल्या गावात हेडमास्तर काय करणार म्हणून मीच दोघांना नागपूरला चला म्हटलं. आमच्या दुकानात हिशेबाला माणूस हवाच होता. पहिल्यांदा नाही म्हणाला. मग ट्रंक बांधायला बसला.

निघायच्या दिवशी सकाळी सगळं गाव वसतिगृहासमोर जमलं. हौद तसाच होता, फळ्या लावलेला, तोरण सुकलेलं. वास आता गावाच्या शिवेपर्यंत जात होता. तरी कोणी ओतत नव्हतं. साहेब आले, पण हौदातलं प्यायले नाहीत. पाणी अजून पाहुण्याचंच.

दिगांबरभाऊनं ट्रंक रेंगीत ठेवली आणि मागं वळला. हौदाची एक फळी त्यानं बाजूला सारली. हातातला लोटा बुडवून भरला.

"मास्तर, काय करून राहिले?" पाटील धावले.

"पाटील, आजपासून मी या गावचा कोण? पाव्हणाच ना?"

मी लोटा हिसकायला पुढं झालो तर त्यानं कोपरानं मला मागं सारलं. तो उभा राहून प्यायला, सगळा लोटा, मध्ये न थांबता, आणि शेवटचा थेंबही सांडला नाही. मिशी पुसली. मग तो पाटलांना म्हणाला, "ओता आता."

कोणी जागचं हललं नाही. शेवटी त्यानं स्वतःच वाकून हौदाच्या बुडाचा बोळा ओढला, आणि ते पाणी शाळेच्या पटांगणातून उताराला वाहायला लागलं.